नाव नको, पण ऐका

परवा रात्री सौंसरहून माझ्या भाचीचा फोन आला. निपाणीची ही मुलगी लग्न होऊन मध्य प्रदेशात गेली आणि तिथल्या एका लहान कारखान्यात हजेरी-हिशेब सांभाळते. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा केला, तोच हा संत्र्यांचा मुलूख. कागदावर हिंदी आणि घरात मराठी. आपल्याकडे कन्नड-मराठीचे जसे असते, तसेच.

“मावशी, आमच्या कारखान्यात सगळे खूश आहेत,” ती म्हणाली, “आणि मला मात्र झोप नाही.”

झाले होते असे. गेल्या वर्षी मालकांना वाटले, कामगारांचे समाधान आहे की नाही ते एकदा विचारावे. चाळीसेक माणसांना फॉर्म वाटले. नाव लिहायचे नाही, अगदी ‘हेसरु बेडा’! पण वरच्या बाजूला रकाने होते: विभाग, वय, स्त्री की पुरुष, नोकरीची वर्षे. पॅकिंगमध्ये पन्नाशीच्या बाई एकच. त्यांनी खाली मराठीत लिहिले, ‘पाळी बदलायची असली तर आदल्या दिवशी सांगत जा.’ बाकीच्यांच्या सूचना हिंदीत होत्या. फॉर्म सुपरवायझरच्या हाती गेले. कुणी काही बोलले नाही. फक्त पुढच्या आठवड्यापासून बाईंना बसून करायच्या कामावरून उभ्याच्या कामावर टाकले.

यंदा पुन्हा फॉर्म वाटले, तर जवळजवळ सगळ्यांची खूण ‘पूर्ण समाधानी’वर! मालक खूश. भाचीने बाईंना हळूच विचारले, तर त्या म्हणाल्या, “नाव नाही लिहिलं तरी का होते बाई? अक्षर तं ओयखू येते.”

“आणि मावशी, ते रकाने मीच आखले होते गं.”

वाचकहो, नाव खोडले म्हणजे माणूस लपला असे आपण धरून चालतो. मतदानाचे आठवा. यंत्रे येण्यापूर्वी मतपत्रिका होत्या, तेव्हा मोजणीआधी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची पद्धत होती. अमुक गावाने कुणाला मते दिली हे कळले, तर त्या गावावर राग निघेल ही भीती. म्हणजे एकट्याचेच नव्हे, लहान गटाचेही गुपित राखावे लागते.

कारखान्यात, बँकेत, शाळेत हाच नियम. वय-विभाग विचारायचेच असतील, तर ज्या गटात पाच-दहा माणसेही नाहीत, त्याचा आकडा वेगळा काढू नये. उत्तरे शक्यतो खुणांनी घ्यावीत. लेखी सूचना दुसऱ्याने एकाच भाषेत पुन्हा लिहून काढाव्यात, मगच वरिष्ठांना द्याव्यात. आपल्या भागात तर हे फारच जपायला हवे. कन्नड कागदांच्या गठ्ठ्यात एकानेच मराठीत लिहिले, किंवा मराठीत एकानेच कन्नडमध्ये, तर ती त्याची सहीच झाली! पेटी कुलपाची असावी, आणि ती सुपरवायझरने नव्हे, कामगारांनी निवडलेल्या दोघांच्या समोर उघडावी. शेवटी काय कळले, त्यातले काय होणार आणि काय होणार नाही, हे फळ्यावर लावावे. नाहीतर पुढच्या वेळी कोण कशाला लिहील?

वरच्या माणसाचीही यात परीक्षा असते. पुण्याच्या थर्मॅक्सची धुरा पतीच्या निधनानंतर 1996 मध्ये अनू आगा यांच्याकडे आली. पुढे काही वर्षांत शेअर घसरत 36 रुपयांवर आला, तेव्हा एका भागधारकाचे निनावी पत्र त्यांना आले. तुम्ही आम्हाला निराश केलेत, असा त्याचा रोख. त्या पत्राने झोप उडाली, असे त्यांनीच नंतर सांगितले आहे. त्यांनी बाहेरचे सल्लागार बोलावले, संचालक मंडळ बदलले, कंपनी पुन्हा सावरली. पत्र कुणाचे, यापेक्षा त्यात काय आहे ते महत्त्वाचे ठरले.

भाचीला मी हे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “नवा फॉर्म मी करीन गं. पण आधी त्या बाईंना त्यांच्या जागेवर बसवायला हवं. ते न करता पेटी ठेवली, तर कोण त्यात चिठ्ठी टाकेल?”

मला जे सुचले नाही, ते तिला सुचले.

काल पुन्हा फोन आला. ती मालकांकडे जाऊन आली होती. रकाने आपणच आखले हेही तिने सांगितले.

“काय म्हणाले?”

“विचार करतो म्हणाले. सोमवारी पुन्हा जाणार आहे.”