लहान आवाजाची किंमत

लहान मूल चारचौघांत स्तोत्र म्हणू लागले की घरातील वडीलधारी माणसे त्याला हमखास एक सूचना करतात, ‘मोठ्याने म्हण.’ मूल मान ताणते, गळ्याच्या शिरा फुगवते आणि ओरडू लागते. टाळ्या पडतात, कौतुक होते, आणि मोठा आवाज म्हणजेच चांगला आवाज ही त्याची समजूत तेथेच पक्की होते. हळू आवाजाशी त्याची ओळख होते ती मात्र दटावणीतून. ‘गप्प बस’, ‘हळू बोल, दुकानात गिऱ्हाईक आले आहे’, ‘आजोबा झोपले आहेत’ अशा वाक्यांतून लहान आवाज त्याला शिक्षेसारखा भेटतो. लहान आवाजातही सौंदर्य असते आणि तो कमावण्यासाठी मोठ्या आवाजाहून अधिक मेहनत लागते, ही गोष्ट त्याला सांगायची राहूनच जाते.

संगीताच्या प्राथमिक पुस्तकांत नादाचे तीन गुणधर्म दिलेले असतात : लहानमोठेपणा, उंचनीचपणा आणि जाती. यांपैकी पहिल्या दोहोंची गल्लत मुलेच काय, मोठी माणसेही करतात. याचे एक कारण बोलीत आहे. ‘त्याने आवाज चढवला’ असे म्हटले, की तो मोठ्याने बोलला की वरच्या पट्टीत गेला, हे कळत नाही. ही गल्लत दूर करण्यास बहुतेक मंदिरांत आणि अनेक घरांत असलेली पेटी पुरेशी आहे. एकच पट्टी दाबून धरावी आणि भाता प्रथम अगदी हळू, मग जोराने हलवावा. स्वर तोच राहतो, आवाज मात्र लहानाचा मोठा होतो. नंतर भात्याचा जोर तसाच ठेवून शेजारच्या पट्ट्या क्रमाने दाबाव्यात. आता आवाज तेवढाच राहतो आणि स्वर वर चढतो. पाच वर्षांच्या मुलाच्या हाती भाता दिला तर हा भेद त्याला व्याख्येवाचून समजतो.

ऐकण्याचा याहूनही सुंदर पाठ मंदिरातील घंटा देते. घंटेवर एक टोल द्यावा आणि मुलांना डोळे मिटून बसण्यास सांगावे. नाद पूर्ण विरला असे ज्याला वाटेल त्याने हात वर करावा. पहिल्या दिवशी बहुतेक हात घाईने वर जातात. काही दिवसांनी तीच मुले अधिक काळ थांबू लागतात, कारण त्यांच्या कानांना नादाचा बारीक धागा शेवटपर्यंत धरून ठेवण्याची सवय लागते. त्या काळात मंदिरात जी शांतता पसरते, ती कोणी दटावून आणलेली नसते.

या विषयाला घरच्या शिक्षणाची गरज अधिक का आहे, याचे उत्तर आपल्या स्वरलिपीत सापडते. भातखंडे पद्धतीत मंद्र सप्तकातील स्वराखाली बिंदू असतो, तार सप्तकातील स्वरावर बिंदू असतो. कोमल, तीव्र, मात्रा, सम, खाली या सर्वांना चिन्हे आहेत. स्वर किती मोठ्याने अथवा हळू घ्यावा, याला मात्र रूढ चिन्ह नाही. युरोपीय संगीतात ते आहे. तेथे ‘पियानो’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘हळू’ असा होतो, आणि ‘फोर्ते’ म्हणजे मोठ्याने. सन 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे क्रिस्तोफोरी या कारागिराने एक नवे वाद्य घडविले. त्यापूर्वीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जाई, त्यामुळे बोट हळू ठेवले काय आणि जोराने ठेवले काय, आवाजात फारसा फरक पडत नसे. क्रिस्तोफोरीने तारेवर लहान हातोडी मारण्याची युक्ती योजली आणि बोटाच्या दाबाप्रमाणे आवाज लहानमोठा होऊ लागला. हळू आणि मोठ्याने वाजणारे वाद्य म्हणूनच ते ओळखले गेले, आणि पुढे त्याच्या लांब नावातील ‘पियानो’ एवढाच शब्द लोकांच्या तोंडी राहिला. आपल्याकडे ही विद्या कागदावर उतरली नाही, ती गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात गेली. म्हणजेच मूल ज्यांचे ऐकते त्यांचा आवाज कसा आहे, यावर त्याचे शिक्षण ठरते.

जैन परंपरेला हा विचार नवा नाही. पार्श्वदेव या जैन ग्रंथकाराचा ‘संगीतसमयसार’ हा ग्रंथ भारतीय संगीतशास्त्रात मान्यता पावलेला आहे. श्वेतांबर आगमांतील अनुयोगद्वारसूत्रात सप्तस्वरांची चर्चा असून गायनाचे सहा दोष आणि आठ गुण सांगितले आहेत. भिऊन गाणे आणि घाईने गाणे हे दोष, कावळ्यासारखा कर्कश स्वर हाही दोष. आठ गुणांत माधुर्य आहे, स्पष्टता आहे, आणि ‘अविघुष्ट’ नावाचा एक गुण आहे. अविघुष्ट म्हणजे आक्रोश केल्यासारखे बेसूर न होणे. ओरडा नसणे हा निव्वळ दोषाचा अभाव न मानता त्याला गुणांच्या पंक्तीत बसविले, यात शास्त्रकारांची सूक्ष्म दृष्टी दिसते.

याचा अर्थ मोठा आवाज वाईट असा मुळीच नाही. महावीर जयंतीच्या दिवशी जयघोष खुल्या गळ्यानेच व्हावयास हवा. कुजबुजून केलेल्या जयघोषात उत्साह कसा येणार? परंतु त्याच दिवशी बाल तीर्थंकरांचा पाळणाही हलविला जातो आणि पाळण्याची गीते म्हटली जातात. हल्ली ही गीतेही ध्वनिवर्धकावरून जयघोषाच्याच आवाजात निनादतात. मुलांना येथे एकच प्रश्न विचारावा, ‘एवढ्या आवाजात बाळ झोपेल का?’ मुले हसतात आणि आपोआप हळू गाऊ लागतात. आवाज लहान की मोठा, हे प्रसंग आणि अर्थ ठरवितात, हा संगीतातील मोठा सिद्धांत त्या एका प्रश्नात सामावला आहे.

हळू गाऊ लागताच मुलांकडून दोन चुका होतात. लय संथ होते आणि स्वर खाली उतरतो. मोठ्याने गाताना याच्या उलट घाई होते. म्हणून हाताने टाळी चालू ठेवून एकच ओळ प्रथम मोठ्याने व नंतर हळू म्हणवून घ्यावी. खेळातूनही हे साधते. एका मुलाने बाहेर जावे, इतरांनी एखादी वस्तू लपवावी. शोधणारा वस्तूजवळ आला की सर्वांनी गाणे मोठे करावे, तो दूर गेला की लहान करावे. गाणे मात्र थांबता कामा नये आणि लयही बदलता कामा नये.

आवाज दूरवर पोहोचविण्यासाठी ओरडावे लागत नाही, हे कोल्हापूरला वेगळे सांगण्याचे कारण नाही. शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 मध्ये सुरू झाले तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते. नटाचे पद शेवटच्या रांगेपर्यंत जाई ते दमसास, स्पष्ट उच्चार आणि खुला आकार यांच्या बळावर. महाराजांच्या दरबारचे गायक उस्ताद अल्लादिया खाँ यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. तरुणपणी सतत गाण्याच्या अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला. पुढे तो पूर्वीसारखा झाला नाही. त्यांनी हार न मानता, उरलेल्या आवाजाला साजेल अशी नवी गायकी घडविली. जयपूर-अत्रौली घराण्याची पेचदार, दमदार गायकी ती हीच. कंठ हे नाजूक धन आहे, हे एवढ्या थोर गवयालाही भोगून कळले. सतत ओरडणाऱ्या मुलांच्या स्वररज्जूंवर गाठी येतात आणि आवाज घोगरा होतो, हे कानाघशाच्या डॉक्टरांना परिचित आहे.

कंठाहून मोठी चिंता कानांची आहे. कंठाला विश्रांती दिली तर तो बहुधा सुधारतो. अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी मात्र एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. हे मुद्दल असे आहे की खर्चले तर पुन्हा जमा होत नाही. त्यातून डेसिबलचा हिशेब बेरजेचा नाही, गुणाकाराचा आहे. आवाज 3 डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, 10 डेसिबलने वाढला की दसपट. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांनी 80 डेसिबल आवाज आठवड्यात 40 तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. मुलांसाठी हीच मर्यादा 75 डेसिबल आहे. दर 3 डेसिबलमागे सुरक्षित काळ निम्मा होतो. या हिशेबाने 80 चे 101 डेसिबल झाले, की प्रौढांचे 40 तास जेमतेम 19 मिनिटांवर येतात. भारतातील 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. तरीही विसर्जन मिरवणुकीत ‘डॉल्बी’च्या भिंतीसमोर वडिलांच्या खांद्यावर बसलेली तान्ही मुले दिसतात. धार्मिक मिरवणुकांतही कर्ण्यांची उंची वाढते आहे. ज्या समाजाने डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचीही काळजी वाहिली, पाणी गाळून पिण्याची शिस्त पाळली, त्याने आपल्याच लेकरांच्या कानांतील सूक्ष्म पेशींविषयी बेफिकीर असावे, हे शोभणारे नाही.

उपाय घरात आहे आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. जपाचे तीन प्रकार परंपरेने सांगितले आहेत. दुसऱ्याला ऐकू जाईल असा तो वाचिक, ओठ हलतात पण शेजाऱ्याला ऐकू येत नाही तो उपांशु, आणि मनातल्या मनात चालतो तो मानस. यांत मानस जप श्रेष्ठ मानला आहे. संध्याकाळी दुकान बंद करून घरची मंडळी एकत्र आली की नऊ वेळा णमोकार म्हणावा. पहिले तीन खुल्या, स्वच्छ आवाजात, पुढचे तीन ओठांत, शेवटचे तीन मनात. सर्वांची लय एकच राहावी आणि शेवटचे पद संपताच सर्वांनी एकाच वेळी हात जोडावेत. मनातील तीन आवर्तनांनंतर सर्वांचे हात एकदम जुळले, तर मुलांनी लय मौनातही सांभाळली असे समजावे.

आणि पुढच्या वेळी मूल पाहुण्यांसमोर स्तोत्र म्हणण्यास उभे राहिले, की ‘मोठ्याने म्हण’ याऐवजी ‘स्पष्ट म्हण’ एवढेच सांगावे. मग पाहुण्यांनी बोलणे थांबवावे, दूरदर्शन संच बंद करावा आणि ऐकावे. मोठी माणसे शांत बसली, तर लहान आवाजही पुरेसा ऐकू येतो.