लॅबमधलं मांस: हलाल-हरामचा खरा प्रश्न पेशींच्या खुराकात

सिंगापूरच्या मजलिस उगामा इस्लाम सिंगापुरा, म्हणजे 'मुइस'च्या फतवा समितीने फेब्रुवारी 2024 मध्ये एक महत्त्वाचा फतवा जाहीर केला. प्रयोगशाळेत पेशी वाढवून तयार केलेलं मांस मुस्लिमांना खाता येईल, मात्र काही अटींवर. पेशी हलाल प्राण्याच्या असाव्यात, बनवताना कुठलाही हराम घटक वापरलेला नसावा आणि तयार पदार्थ स्वच्छ व सुरक्षित असावा. 'लॅबचं मटण हलाल' एवढ्या एका ओळीत ही बातमी पुढे ढकलणं सोपं आहे. पण आमच्या मते या फतव्याचा जीव दुसऱ्या अटीत आहे.

पेशी प्राण्याच्या शरीराबाहेर आपोआप वाढत नाहीत. त्यांना साखर, क्षार, जीवनसत्त्वं असलेलं पातळ द्रावण लागतं आणि त्याशिवाय 'वाढ, विभागणी कर' असा निरोप देणारी काही प्रथिनं लागतात. यांनाच ग्रोथ फॅक्टर म्हणतात. अनेक दशकं प्रयोगशाळांनी हे निरोपे एकाच ठिकाणाहून मिळवले: गाभण गाय कत्तलखान्यात आली की तिच्या पोटातल्या वासराच्या हृदयातून रक्त काढायचं, गोठू द्यायचं आणि वरचा द्रव, म्हणजे सीरम, वेगळा करायचा.

इथे शरियतचा प्रश्न सरळ उभा राहतो. आईच्या जबिहाने पोटातलं मेलेलं पिल्लू हलाल होतं का, यावर इमामांमध्ये मतभेद आहेत. इमाम अबू हनीफा नाही म्हणतात, शाफई मजहब हो म्हणतो. म्हणजे कोकणातल्या शाफई घरात आणि मराठवाड्यातल्या हनफी घरात उत्तर वेगळं येऊ शकेल. पण वाहत्या रक्ताबद्दल मतभेद नाही. कुरआनने ते स्पष्ट हराम ठरवलंय. मग रक्ताच्या सीरमवर वाढलेल्या पेशींचं काय? ऑगस्ट 2013 मध्ये मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे मार्क पोस्ट यांनी लंडनमध्ये जगासमोर आणलेला अडीच लाख युरोंचा पहिला बर्गर अशाच सीरमवर वाढवलेला होता.

मार्ग इन्सुलिनने दाखवला

यातून वाट काढणारं तंत्र आपल्या घरात कधीच पोचलंय. शुगरच्या रुग्णांना पूर्वी डुक्कर आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्सुलिन टोचावं लागे. 1978 मध्ये कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनचा जनुक ई. कोलाय या जिवाणूत बसवला आणि जिवाणूच इन्सुलिन बनवू लागला. 1982 मध्ये अमेरिकेने त्याला औषध म्हणून मान्यता दिली. हबील खोराकीवाला यांच्या वॉकहार्टने 2003 मध्ये याच प्रकारचं इन्सुलिन भारतीय बाजारात आणलं. आज दादीच्या फ्रिजमधल्या कुपीवर डुकराचा प्रश्न सहसा येत नाही, तो या 'रिकॉम्बिनंट' पद्धतीमुळे.

ग्रोथ फॅक्टरही असेच बनतात. हव्या त्या प्रथिनाचा जनुक जिवाणू किंवा यीस्टमध्ये घालतात, मोठ्या टाक्यांत ते वाढवतात आणि मग त्यातून प्रथिन वेगळं करून शुद्ध करतात. आइसलँडची ओआरएफ जेनेटिक्स ही कंपनी तर ते जवाच्या दाण्यात पिकवते. 2011 मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या प्रयोगशाळेने मानवी स्टेम सेलसाठी फक्त आठ घटकांचं द्रावण तयार केलं. त्यात सीरम नाही, रक्तातून काढलेलं अल्ब्युमिनही नाही.

अडचण दोन गोष्टींची आहे. पहिली खर्चाची. एफजीएफ-2 हा ग्रोथ फॅक्टर या द्रावणात मिलिलीटरला अवघा 100 नॅनोग्रॅम लागतो, पण 37 अंश तापमानात तो लवकर निकामी होतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा घालावा लागतो आणि खर्चाचा मोठा भाग तोच खातो. जास्त काळ टिकणारे प्रकार आता तयार झालेत. दुसरी अडचण शुद्धतेची. ई. कोलायच्या कवचाचे विषारी अंश प्रथिनात राहिले तर पेशी बिघडतात, आणि तेच रुग्णाच्या शरीरात गेले तर ताप येतो, जिवावरही बेतू शकतं.

'रिकॉम्बिनंट' म्हणजे आपोआप हलाल नव्हे

इथेच आपली फसगत होऊ शकते. 'सीरम-फ्री' लिहिलं म्हणजे प्राणिजन्य काहीच नाही, असं नसतं. 'रिकॉम्बिनंट' लिहिलं तरी नसतं. जिवाणूंच्या खाद्यात दुधाच्या केसीनपासून बनवलेला ट्रिप्टोन घालतात आणि केसीन फोडायला लागणारं एन्झाइम अनेकदा डुकराच्या स्वादुपिंडातून येतं. भांड्याला चिकटलेल्या पेशी सोडवणारं ट्रिप्सिनही बराच काळ तिथूनच येत आलंय. म्हणून प्राणिमुक्त म्हणायचं तर बनवण्याची प्रत्येक पायरी प्राणिमुक्त हवी.

हा बारीक वाद नाही. मार्च 2021 मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने अ‍ॅस्ट्राझेनेकाची कोविड लस डुकराच्या ट्रिप्सिनमुळे हराम, पण आणीबाणीत वापरायला जायज, असं सांगितलं. कंपनीने असा घटक कुठल्याही टप्प्यावर नसल्याचं म्हटलं. साथीच्या मध्यावर सामान्य माणसाने कुणाचं ऐकायचं? बनवण्याची साखळी आधीपासून उघड असती तर ही वेळच आली नसती.

उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी. सगळी प्रक्रिया प्राणिमुक्त असली, तरी मूळ पेशी कुठून आली हा प्रश्न उरतोच. अमेरिकेच्या गुड मीट कंपनीने 2023 मध्ये ज्या तीन शरई जाणकारांचं मत घेतलं, त्यांनी पेशी इस्लामी पद्धतीने जबह केलेल्या हलाल प्राण्याच्या असाव्यात, हीच अट आधी घातली.

आपण काय करायचं?

भारतात अशा मांसाच्या विक्रीला अजून परवानगी नाही. पण कामाला सुरुवात झालीय. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने जानेवारी 2024 मध्ये एका खासगी कंपनीबरोबर प्रयोगशाळेत मासा वाढवण्याचा करार केला. नियम ठरतील तेव्हा चार प्रश्न आपल्याकडून जायला हवेत. पेशी कुठल्या प्राण्याची आणि कशी मिळवली? द्रावणात काय काय आहे? ग्रोथ फॅक्टर कशात बनवले? ते बनवणाऱ्या जिवाणूंना काय खायला दिलं?

उत्तर प्रदेशात नोव्हेंबर 2023 मध्ये हलाल प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या देशात हलालचा शिक्काच वादाचा झालाय. म्हणून आमचं म्हणणं असं, की मागणी शिक्क्याची नको, माहितीची हवी. घटकांची आणि बनवण्याच्या पायऱ्यांची खरी माहिती जैन आणि शाकाहारी ग्राहकालाही तेवढीच हवी आहे. ही मागणी एकट्या मुस्लिमांची राहणार नाही.

औषधाच्या बाबतीत मात्र घाई नको. जीव वाचवण्यासाठी शरियतने सवलत दिलेली आहे. पेशींवर आधारित उपचार सुचवला गेला तर डॉक्टरांना घटक विचारा, आलिमांना दाखवा, पण एखाद्या फॉरवर्डवरून उपचार थांबवू नका.

शेवटी प्रश्न माणसांचा आहे. फतवा देणाऱ्या आलिमाशेजारी प्रथिनं शुद्ध करायला शिकलेली व्यक्ती बसलेली असेल, तरच त्या फतव्यात दम येईल. आपल्या मुली-मुलं बारावीनंतर बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी घेतायत, ही खुशीची बाब आहे. मस्जिद कमिट्यांनी आणि मदरशांनी त्यांना बोलवावं, ऐकावं. ताटात काय येणार हे इतरांनी ठरवून झाल्यावर हलाल-हराम विचारण्यात काय हशील?