पाच पानांचे एक पान

गेल्या रविवारी माझी पुतणी काचीगुड्याच्या घरी आली ती पिशवीत पाच कागद घेऊन. आबिड्सच्या एका पेढीत ती चौदा वर्षे हिशेबाचे काम पाहते आहे. गचीबावलीकडच्या एका मोठ्या कचेरीत जागा निघाली आहे. जावे की राहावे, याचा निश्चय अजून व्हायचा आहे. "काका, बायोडाटा एका पानाचा हवा म्हणतात, फार तर दोन. तुम्ही जन्मभर लोकांचे लेख कापलेत, माझाही कापा."

मी चष्मा लावून बसलो. पहिले पान जवळजवळ सगळे घराण्याला वाहिलेले होते. वडिलांचे नाव, आजोबांचा हुद्दा, मूळ गाव, जात, यजमानांची नोकरी, मुलांची इयत्ता. आपल्याकडे बायोडाटा हा शब्द सोयरिकीलाही चालतो आणि नोकरीलाही, त्याचा हा परिणाम. सोयरीक जुळवणाऱ्याला घराणे पाहायचेच असते. हिशेबनीस नेमणाऱ्याला मात्र आजोबा तहसीलदार होते की पेशकार, याच्याशी काही कर्तव्य नसते.

पण पोरीला हसण्यात अर्थ नाही. ही सवय आम्हां हैदराबादकरांना लागली तिला कारण आहे. १९१९ च्या मुल्की नियमांनुसार इथल्या सरकारी नोकरीत शिरायचे तर आधी आपण मुल्की आहोत हे दाखवावे लागे; बाहेरून आलेल्याला पंधरा वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागे. 'तुला काय येते?' याच्या आधी 'तू कुठला, कोणाचा?' हा प्रश्न येई. ते नियम १९७३ साली रद्द झाले, पण त्यांचे उत्तर आम्ही अजून पहिल्या पानावर लिहितो आहोत. मी ते पान बाजूला ठेवले.

दुसऱ्या-तिसऱ्या पानावर शाळेतली बक्षिसे, टंकलेखनाची परीक्षा, संगणकाचा एक जुना अभ्यासक्रम आणि छंद. चौदा वर्षांच्या नोकरीला ओळी किती? चार. 'नोंदी ठेवणे, पावत्या तपासणे, बँकेचा मेळ घालणे, सांगितलेली इतर कामे.' मी विचारले, "२ जून २०१४ ला तेलंगण वेगळे झाले, तेव्हा तुमच्या पेढीची विजयवाड्याला शाखा होती ना? तिचे हिशेब कोणी वेगळे केले?" "मीच." "आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, तेव्हा जुनी खाती नव्या पद्धतीत कोणी आणली?" "मीच, तीन महिने रात्री नऊला घरी येत होते." मग हे कागदावर का नाही? "त्यात काय लिहायचं? ते तर कामच होतं."

जुने सगळे ठेवायचे आणि नवे लिहायचे राहून जायचे, असा हा दोष बहुतेकांच्या कागदात असतो. म्हणून कापण्याआधी भर घालावी लागते. अलीकडचे काम वर घ्यावे, 'काय काय करावे लागे' यापेक्षा 'काय करून दाखवले' ते लिहावे, आणि व्यवसायातले रूढ शब्द वापरावेत. हल्ली पुष्कळ ठिकाणी अर्ज आधी संगणक चाळतो, मागाहून माणूस. आलंकारिक भाषा दोघांनाही नकोच असते.

मग मी ट्रंकेतला एक कागद काढून तिला दाखवला. माझ्या वडिलांनी महसूल खात्यात पहिला अर्ज केला तो उर्दूत. त्यात जन्म फसली सन १३२९ चा, नोकरीची सुरुवात १३५१ ची, पगार सत्तर रुपये हाली. पोलीस कारवाईनंतर दफ्तर हळूहळू इंग्रजीकडे वळले, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचेच तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, तेलंगण आंध्रात. नोकरवर्गाचीही वाटणी झाली. ज्या घरांतला एक भाऊ औरंगाबादेस गेला आणि दुसरा इथे राहिला, अशी घरे या वाचकांत पुष्कळ असतील. त्या दिवसांत वडिलांनी आपली नोकरी नव्याने एका पानावर मांडली. फसली सनात ५९० मिळवून इसवी सन केला. सात हालीचे सहा कलदार या हिशेबाने सत्तराचे साठ केले. जुना साहेब, जुनी शिफारस, जुनी बिरुदे, सगळे गाळले. नव्या साहेबाला जे वाचता येईल, तेवढेच ठेवले. तळाशी मात्र एक ओळ होती: मराठी, उर्दू, तेलुगू, कानडी बोलतो; मोडी वाचतो.

या शेवटच्या ओळीवरून मला लिओनार्दो दा विंची आठवतो. १४८२ च्या सुमारास मिलानच्या ल्युदोव्हिको स्फोर्त्साला उद्देशून त्याने आपल्या गुणांची एक यादी मांडली. हलके पूल, वेढ्याची यंत्रे, तोफा, रथ. कलमामागून कलम सगळे युद्धाचे, कारण वाचणाऱ्याला चिंता युद्धाची होती. शिल्प आणि चित्रकला येते हे त्याने अगदी शेवटी सांगितले. म्हणजे क्रम वाचणाऱ्याच्या गरजेने लावला. पण स्वतःची वस्तू गाळली नाही. पुढे त्याच मिलानमध्ये, त्याच ल्युदोव्हिकोच्या सांगण्यावरून त्याने 'अखेरचे भोजन' रंगवले.

पुतणीने नेमकी ती शेवटची ओळ खोडली होती. भाषांत इंग्रजी, हिंदी, तेलुगू ठेवून मराठी आणि उर्दू काढून टाकल्या होत्या. "तिकडे मराठी कोण विचारतो, काका?" मी जाहिरात पुन्हा वाचायला लावली. पुणे आणि नागपूर इथल्या शाखांचे हिशेब याच जागेवरून पाहायचे होते. आणि पत्थरगट्टीच्या व्यापाऱ्यांकडची वसुली ती चौदा वर्षे गोड उर्दूत करते आहे, हे तर तिच्या ध्यानातही नव्हते. सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेतले. निझामी राज्यात कमावलेली उर्दू-फारसी इथेच सोडून ते मुंबईकडे गेले असते, तर मोगल दरबारची साधने मराठी वाचकाला त्यांच्या हातून मिळाली नसती. जे घरात फुकट मिळाले त्याला आपण गुण समजत नाही. इथल्या जुन्या मराठी घरांत चार भाषा अशाच फुकट मिळाल्या आहेत, आणि कागद आखूड करताना पहिली कात्री त्यांनाच लागते.

एक गोष्ट मात्र मी परत लिहायला लावली. या नोकरीच्या आधी सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा ती चार वर्षे घरी होती. ती पोकळी दिसू नये म्हणून तिने आधीच्या नोकरीची तारीख पुढे ओढली होती. मी म्हटले, आखूड करणे वेगळे आणि खोटे लिहिणे वेगळे. तारीख उद्या कोणी तपासली, तर चौदा वर्षांच्या खऱ्या कामावरही संशय येईल. 'चार वर्षे घरातील रुग्णाच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडली' ही ओळ खरी आहे आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नाही. ती बराच वेळ गप्प बसली, मग तारीख दुरुस्त केली.

दिवेलागणीपर्यंत एक पान झाले. ते वाचून ती म्हणाली, "काका, एवढं मी केलंय हे मीच विसरले होते." अर्ज तिने अजून पाठवलेला नाही, पाठवील की नाही, मला ठाऊक नाही. पण आता ती जागा सोडली तरी स्वतःची किंमत जाणून सोडील, आणि राहिली तरी तशीच राहील. म्हणून माझे सांगणे आहे की नोकरी बदलायची असो वा नसो, वर्षातून एकदा हा कागद काढावा, नवे काम त्यात लिहावे आणि जुने कमी करावे.

जे कमी केले, ते फाडू मात्र नये. आजोबांचा हुद्दा, मूळ गाव, शाळेतले बक्षीस हे साहेबासाठी नाही, नातवंडांसाठी आहे. तिची ती पाच पाने मी ट्रंकेत वडिलांच्या कागदाखाली ठेवली आहेत.