पुळण मोकळी नसते : कुणकेश्वर, मुंबई आणि खेळाच्या जागेचा इतिहास

१/ देवगड तालुक्यातील कुणकेश्वरचे देऊळ 'कोकणची काशी' म्हणून ख्यात आहे. अशा देवळांसमोरच्या पुळणीविषयी मात्र एक वाक्य हमखास ऐकू येते : "जागा मोकळीच पडली आहे, काहीतरी उभारता येईल." यातला 'मोकळी' हा शब्दच चुकीचा आहे.

२/ महाशिवरात्रीच्या यात्रेत परिसरातील देवस्वाऱ्या कुणकेश्वरी येतात आणि समुद्रात तीर्थस्नान होते. एरवी ही वाळू रिकामी दिसते, म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. बांधकामाने भरलेल्या जागेत यात्रा भरत नाही.

३/ या किनाऱ्यावर रापण ओढायची तर दोरखंडाची दोन्ही टोके धरून माणसांना उभे राहायला पुळण लागते. ओहोटीला उघडी पडणारी घट्ट वाळू हेच मुलांचे क्रीडांगण. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात एक बाकडे मांडले की दशावतारातील राजाचा दरबार उभा राहतो. उपजीविका, खेळ आणि कला यांना येथे वेगवेगळे भूखंड लागत नाहीत. एक सामायिक जागा पुरते.

४/ आक्षेप ठरलेला : "ज्या गावाला समुद्र आहे, त्याला मैदान कशाला?" समुद्राला कोणी कुंपण घालत नाही, हे खरे. कुंपण पडते ते समुद्राकडे जाणाऱ्या पाणंदीला.

५/ हा वाद नवा नाही. मुंबईत फोर्टाबाहेरच्या मैदानावर मूठभर युरोपियनांचा पोलो चाले आणि घोड्यांच्या टापांनी एतद्देशीयांच्या क्रिकेटची जमीन उखडली जाई. १८८१ साली या खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला. पुढे वर्षानुवर्षे चाललेल्या या झगड्याची हकिकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली ग्रंथबद्ध केली. मैदान कुणाचे, हा प्रश्न तेव्हाही सत्तेचाच होता.

६/ दादरचे शिवाजी पार्क १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेथे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या. तेथेच १९३२ साली मालवणात जन्मलेल्या रमाकांत आचरेकरांनी सचिन तेंडुलकरला घडवले. भूखंडाच्या बाजारभावात यांपैकी कशाचीही नोंद सापडत नाही.

७/ कायदाही या बाजूने बोलला आहे. बंगळूरमधील उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देणे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अवैध ठरवले. १९९६ च्या कमलनाथ खटल्यात, समुद्रकिनाऱ्यासारख्या नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे, असे तत्त्व मांडले. २०११ च्या जगपाल सिंग निकालाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले.

८/ सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. पर्यटक जरूर यावेत. परंतु ते जे पाहायला येतात, ती पुळण गावाने पिढ्यान्‌पिढ्या खुली राखली म्हणूनच शिल्लक आहे. वाहनतळ आणि उपाहारगृहे गावाच्या बाजूला सरकू शकतात. यात्रा, रापण आणि ओहोटीचे मैदान सरकू शकत नाही.

९/ म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामसभेने आपल्या पुळणीचे वापर लेखी नोंदवावेत : यात्रेची जागा कोणती, रापणीची कोणती, खेळाची कोणती, पाणंद कुठून जाते. ज्या जागेच्या वापराची नोंद नाही, तिला 'मोकळी' म्हणणे सोपे जाते. नोंद असली, तर तसे म्हणणाऱ्याला आधी गावाला उत्तर द्यावे लागते.