जीभ म्हणजे कानाची पाळी नव्हे

कान टोचण्याचं आपल्याकडे कुणाला नवल नाही. तान्ह्या बाळाचे कान सोनाराकडून टोचून घेतात, बाळ दोन मिनिटं रडतं आणि विसरतं. त्यामुळे अकरावी-बारावीतली मुलगी विचारते, "आई, तू नाक टोचलंस, मग मी जीभ टोचली तर काय बिघडलं?" प्रश्न रास्त आहे. रागावून गप्प करणं हे त्याचं उत्तर नव्हे.

फरक जागेचा आहे. कानाची पाळी कोरडी असते, जागची हलत नाही. तोंड कायम ओलं आणि जंतूंनी भरलेलं असतं. जीभ बोलताना, गिळताना सारखी हलते, आणि तिच्यातली धातूची दांडी खालच्या पुढच्या दातांमागच्या हिरडीला घासत राहते. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. हिरडी हळूहळू खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, आधाराचं हाड झिजतं आणि चांगला दात हलू लागतो. गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही. ओठ टोचला तर हेच दातांच्या पुढच्या बाजूला होतं. दांडी जितकी वर्षं राहील तितकं नुकसान वाढतं.

शिवाय चाळा लागतो. दांडी दातांखाली धरायची, दातांवर टकटक वाजवायची. त्यातून दाढेचा टवका उडतो, कधी चीर थेट आतल्या नसेपर्यंत जाते आणि विशीच्या आत रूट कॅनल करावं लागतं. दांडीच्या टोकांना धातूऐवजी प्लॅस्टिकच्या गोळ्या लावल्या तर टवके कमी उडतील, पण हिरडी घासायची थांबत नाही.

टोचल्यावर जीभ सुजतेच, जखम भरायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. सुई नुसती स्पिरिटनं पुसून निर्जंतुक होत नाही. अशा सुईतून ब आणि क प्रकारची कावीळ किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. क प्रकारच्या काविळीवर तर लसही नाही. ज्यांच्या हृदयात जन्मतः दोष आहे, किंवा लहानपणच्या रुमॅटिक तापानं झडप खराब झाली आहे, त्यांनी हा विचार सोडूनच द्यावा. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात, आणि ते जिवावर बेतू शकतं.

आधीच टोचलं असेल, तर मुलांनो, घरी लपवू नका. जिभेखाली सूज कडक झाली, गिळता येईना, ताप आला, श्वास अडखळू लागला, तर मध्यरात्र असली तरी तडक रुग्णालयात जा. पू झाला असेल तर दांडी स्वतः ओढून काढू नका, ते डॉक्टरांवर सोडा. काही त्रास नसेल तर मात्र दांडी उतरवा आणि दात-हिरड्या दाखवून घ्या. हिरडी नुकती सरकू लागली असेल तर पुढचं नुकसान थांबवता येतं.

आईबाबांनो, मूल एकाएकी बोबडं बोलू लागलं, गरम-तिखट टाळू लागलं, तर आधी मायेनं तोंड उघडायला सांगा. ओरडायला नंतर वेळ आहे. ओरड्याच्या भीतीनं दडवलेल्या सुजेला वेळ नसतो. खर्चाची काळजी असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात कमी खर्चात तपासणी होते. या आठवड्यातच घेऊन जा.