शेवयांच्या वाडग्यातला व्यापार

मुंबई-पुण्यातील तरुण मंडळी आता बिर्याणी-कबाबाइतक्याच हौसेने रामेन आणि नूडल्सच्या दुकानांत जाऊ लागली आहेत. हे पाहून आमच्या काही हॉटेलवाल्या बांधवांनी मेन्यूकार्डाला आणखी एक पान जोडले आणि त्यावर रामेन छापून टाकले. गिऱ्हाईक मागेल ते द्यावे, हा व्यापाराचा साधा नियम आहे, त्याला आमचा विरोध नाही. मात्र जो धंदा उचलायचा त्याची घडण आधी समजून घ्यावी, असे आम्हाला वाटते. विशेषतः या धंद्याचा एक मोठा भाग मुसलमान कारागिरांनी उभा केला आहे, हे आमच्या फार थोड्या वाचकांना ठाऊक असेल.

रामेन जपानी म्हणून ओळखले जाते. त्याचे मूळ चिनी नूडल्समध्ये आहे. १९१० साली टोकियोच्या असाकुसा भागात राईराईकेन हे दुकान निघाले. तेथे चिनी स्वयंपाकी होते आणि तेथूनच हा पदार्थ सामान्य जपानी माणसाच्या ओळखीचा झाला. ज्या देशातून तो आला त्या चीनमध्ये कान्सू प्रांतातील लांचौ शहराच्या हाताने ओढलेल्या नूडल्स प्रसिद्ध आहेत, आणि त्या शहरात हा हुन्नर हुई मुसलमानांचा आहे. मा बाओत्सी या हुई माणसाने १९१५ साली हा धंदा सुरू केला, असे तेथे मानतात.

लांचौच्या दुकानाचे गणित पाहण्यासारखे आहे. मुख्य पदार्थ एकच. बीफची नितळ यखनी, पांढऱ्या मुळ्याच्या चकत्या, मिरचीचे लाल तेल, हिरवी कोथिंबीर आणि पिवळसर नूडल्स, हे पाच रंग वाडग्यात दिसलेच पाहिजेत. गिऱ्हाइकाने आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि खिडकीपाशी द्यायची. त्याच वेळी नूडल्स किती जाड हव्यात तेही सांगायचे. केसासारख्या बारीक नूडल्सपासून कमरेच्या पट्ट्याएवढ्या रुंद नूडल्सपर्यंत अनेक प्रकार आहेत. कारागीर कणकेची वळी हातात घेतो, ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो. सात वेळा दुमडले की १२८ तार होतात, आठव्या वेळी २५६. दोन-चार मिनिटांत वाडगा समोर येतो.

आता यातला व्यापार पाहा. उधारीला जागा नाही. कारागिरी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चालते, त्यामुळे वेगळ्या जाहिरातीची गरज उरत नाही. पदार्थ एकच असल्याने माल शिळा पडत नाही आणि नासाडी थोडी होते. नफा एका वाडग्यावर कमी आणि वाडगे जास्त. हा तेथे रोजच्या नाश्त्याचा पदार्थ आहे. २००७ साली दुकानदारांनी भाव वाढवले तेव्हा लांचौच्या प्रशासनाने मोठ्या वाडग्याची कमाल किंमत अडीच युआन ठरवून दिली. गरिबाच्या पोटाशी जोडलेल्या धंद्यावर सरकारची नजर असतेच. पण असे गिऱ्हाईक मंदीतही तुटत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची आहे. लांचौच्या पश्चिमेला छिंगहाय प्रांतात हुआलोंग नावाचा डोंगराळ, गरीब तालुका आहे. तेथील हुई आणि सालार मुसलमान १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून नूडल्सची दुकाने काढण्यासाठी दूरच्या शहरांत जाऊ लागले. नवरा-बायको, एखादा भाऊ किंवा मेहुणा आणि नातेवाइकांकडून उसने घेतलेले पैसे, एवढेच भांडवल. गावाकडचा मुलगा आला की भांडी घासण्यापासून सुरुवात करी, मग कणीक मळायला शिके आणि हात बसला की स्वतःचे दुकान काढी. पुढे सरकारने प्रशिक्षण आणि कर्ज देऊन या कामाला हातभार लावला. हुन्नर आणि भांडवल दोन्ही एकाच नात्यातून पुढच्या माणसापर्यंत पोचले. आमच्याकडे किती उस्ताद आपल्या शागिर्दाला दुकान काढून देतात, याचा विचार प्रत्येकाने करावा.

या व्यवस्थेत दोषही आहेत. एका दुकानापासून चारशे मीटरच्या आत दुसरे दुकान काढू नये, असा या लोकांचा आपसातला अलिखित नियम होता. २०१०च्या दशकात शांघायमध्ये त्यावरून जमाव जमवून नव्या दुकानदाराला अडवण्यापर्यंत प्रकरण गेले. एकाच गल्लीत पाचवे बिर्याणीचे दुकान काढून सर्वांनी बुडावे, यापेक्षा आपसात समजूत असलेली बरी. पण ती समजुतीनेच पाळली जावी. दुसऱ्याची रोजी दांडगाईने अडवणे कोणत्याही हिशेबाने रास्त नाही.

तिसरा प्रश्न विश्वासाचा आहे. जपानी रामेनमध्ये डुकराच्या हाडांची यखनी, वर डुकराच्या मांसाचे काप, आणि मसाल्यात साके किंवा मिरिन ही तांदळाची दारू, हे सर्रास असते. २०१३ साली जपानने मलेशियाच्या पर्यटकांना व्हिसाची सवलत दिली, मुसलमान प्रवासी वाढले आणि काही दुकानदारांनी कोंबडीच्या यखनीवर हलाल रामेन सुरू केले. ज्या असाकुसात राईराईकेन होते, तेथेच आज हलाल रामेन मिळते. चीनमध्ये मात्र २०१९ साली बीजिंगच्या हलाल उपाहारगृहांना पाटीवरील अरबी अक्षरे काढायला लावल्याच्या बातम्या आल्या. पाटी कोणीही उतरवू शकतो. त्यानंतर दुकानदाराच्या गाठीला उरते ती त्याची सचोटी.

म्हणून आमच्या हॉटेलवाल्यांना सांगणे असे की, दारावर हलाल लिहिले म्हणजे जबाबदारी संपली असे समजू नका. तयार सॉसच्या बाटलीवरील लेबल वाचा. मिरिन आहे का, सोया सॉसमध्ये अल्कोहोल घातले आहे का, यखनीची पावडर कशापासून केली आहे, हे आचाऱ्यावर न सोपवता मालकाने स्वतः पाहावे आणि गिऱ्हाइकाने विचारले तर बाटली समोर ठेवावी.

आणि शेवटी आमच्या कारागिरांविषयी. रमजानमध्ये सूतरफेणी करणारा कारागीर मैद्याची चुंबळ तुपाच्या हाताने ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो. लांचौच्या उस्तादाची विद्या याच जातीची आहे. फरक इतकाच की तो खिडकीत उभा राहून वर्षभर कमावतो, आणि आमचा फेणीवाला भट्टीच्या धुरात लपून महिनाभर राबतो व बाकीचे महिने मिळेल ते काम करतो. एखाद्या हॉटेल मालकाने अशा एका कारागिराला दर्शनी जागा, ठरलेला पगार आणि नफ्यात वाटा देऊन, कोंबडीच्या यखनीचा एकच वाडगा नीट करून विकावा. मेन्यूकार्डाच्या दीडशे पदार्थांपेक्षा त्यात अधिक बरकत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.