टेबलावर थुंकणारा पाहुणा

वाळवंटातला एक सरदार नव्या राज्यकर्त्याच्या भेटीला येतो. त्याच्याकडे नीट निरखून पाहतो आणि समोरच्या चकचकीत टेबलावर थुंकतो! दरबारातली माणसं खवळतात. पण त्या लोकांत राहून आलेला एक सैनिक त्यांना थांबवतो, पाहुण्याचे आभार मानतो आणि स्वतःही टेबलावर थुंकतो. जिथे थेंबथेंब पाणी मोजलं जातं, तिथे अंगातली ओल दुसऱ्यापुढे ठेवणं म्हणजे मोठा मान.

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ (१९६५) या इंग्रजी कादंबरीतला हा प्रसंग. काळ हजारो वर्षांनंतरचा, ग्रह अराकिस. भविष्याची गोष्ट म्हटलं की मुलांना यानं आणि तोफा आठवतात. मला मात्र यातला टॉवेल विसरता येत नाही. बड्या घरच्या मेजवानीत पाहुणे हात धुताना मुद्दाम पाणी फरशीवर सांडत आणि टॉवेल त्यातच टाकून देत. बाहेर ताटकळणाऱ्या भिकाऱ्यांच्या वाट्याला त्या टॉवेलांचं पिळलेलं पाणी येई. नवा राज्यकर्ता ही चाल मोडतो आणि जेवण चालू असेपर्यंत दारात येईल त्याला पेलाभर पाणी द्यायला सांगतो. त्या ग्रहावर कोण कोणाला लुटतंय, हे सांगायला आणखी पानं खर्चावी लागत नाहीत.

वाळवंटातले फ्रेमेन लोक अंगावर असा पोशाख घालतात की घामसुद्धा गाळून पुन्हा पिता येतो. मेलेल्याच्या देहातलं पाणी टोळीचं. द्वंद्वात आपल्याच हातून मेलेल्या माणसासाठी तरुण पॉल रडतो, तेव्हा सगळे थक्क होतात: हा मृताला पाणी देतोय!

आपल्याला यातले शब्दही ओळखीचे वाटतील. पॉल ‘मुआद्दिब’ हे नाव घेतो. कादंबरीत ते वाळवंटातल्या उंदराचं नाव, पण अरबीत मुअद्दिब म्हणजे अदब शिकवणारा, शहजाद्यांचा उस्ताद. (आम्हा मास्तर मंडळींना एवढा मान दुसऱ्या कुठल्या विज्ञानकथेत मिळाला असेल!) महदी आहे, लिसान-अल-गैब आहे, जिहादही आहे. मात्र या शेवटच्या शब्दाचा व्यापक अर्थ सोडून हर्बर्ट यांनी बहुतेक ठिकाणी नुसतं युद्ध घेतलं, ही माझी तक्रार. २०२१च्या चित्रपटाने तर तो शब्दच टाळला. तेही मला पटलं नाही.

कारण खरा संघर्ष तिथेच आहे. ‘बाहेरून तारणहार येईल’ ही कथा या लोकांत एका पंथाने आपल्या सोयीसाठी आधीच पेरून ठेवलेली असते. पॉल तिचा आधार घेतो. पुढचा रक्तपात त्याला आधीच दिसतो, भीतीही वाटते, पण थांबवता येत नाही. १९६९च्या पुढच्या भागात तो स्वतःच मृतांचा आकडा सांगतो: ६१ अब्ज.

आणि तो येण्याआधीपासून हेच फ्रेमेन डोंगरातल्या गुप्त हौदांत पाणी साठवत होते, वाळवंट हिरवं करायला. एका शास्त्रज्ञाने त्यांना सांगितलं होतं, तीनशे ते पाचशे वर्षं लागतील. तरीही तहानलेले असताना त्या पाण्याला कोणी हात लावत नव्हतं.